कर्णबधिर माणसाचं डिप्रेशन स्क्रीनिंग करताय? या चुका टाळा

फॉर्म हातात देऊन मोकळं होणं, ही सगळ्यात कॉमन चूक. ऐकू येत नाही ना, मग वाचून भरतील की! पण लहानपणापासून साइन लँग्वेज वापरणाऱ्या अनेकांना लिहिलेली भाषा परकीच असते, आणि पीएचक्यू-९ या डिप्रेशन तपासायच्या प्रश्नावलीत गेल्या २ आठवड्यांचा विचार करून ९ प्रश्नांना ० ते ३ मार्क द्यायचे असतात, वाक्य अर्धवट कळलं की माणूस पहिल्याच, म्हणजे ० च्या, रकान्यात टिक करत सुटतो. २७ पैकी ४ आले, म्हणजे सगळं ठीक? एरवी आपण १० किंवा त्याच्या वरचे बघतो, इथे मला कमी स्कोरचीच जास्त भीती वाटते. ब्रिटिश साइन लँग्वेजमध्ये या प्रश्नावलीची तपासून घेतलेली आवृत्ती आहे, पण ती दुसऱ्या देशातल्या माणसाला दाखवून भागत नाही, साइन लँग्वेज जगभर एकच नसते.

घरच्यांना दुभाषी करू नका. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करायच्या विचारांचा आहे, तो मुलाने आईला विचारायचा आणि तिने खरं सांगायचं? नाहीच सांगणार. दुभाषी प्रशिक्षितच हवा, आणि तो तुमच्या शेजारी बसवा म्हणजे पेशंटला दोघं एकदम दिसतात. तुम्ही मात्र पेशंटकडेच बघून बोला. खिडकी तुमच्या पाठीमागे नको, आणि सलाइन लावायचं असेल तर ज्या हाताने ते जास्त साइन करतात तो सोडून.

चेहऱ्यावरून घाईने निष्कर्ष काढू नका. भुवया, गाल, मान हे साइन लँग्वेजचं व्याकरणच आहे, ते जोरजोरात हलतंय म्हणजे माणूस भडकलाय किंवा मॅनिया (अति उत्साहाचा, उत्तेजित होण्याचा आजार) आहे असं नाही. उलट आठव्या प्रश्नात हळू बोलण्याचा उल्लेख आहे, तिथे हात नेहमीपेक्षा संथ चालतात का ते विचारा, आणि ओळखणाऱ्यांनाही तसं वाटलं का तेही.

काहींना लहानपणी कुठलीच भाषा नीट मिळालेली नसते, त्यांचं साइनिंग तुटक, काळाचा क्रम विस्कटलेला असतो. त्याला लगेच विचारांचा गोंधळ म्हणून सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराचा) शिक्का मारू नका, अशा वेळी स्वतः कर्णबधिर असलेला दुभाषी सोबत घ्या.

आणि मान डोलावली म्हणजे 'हो' नव्हे, बरेचदा ते नुसतं 'बघतोय, चालू द्या' असतं. शंका आली तर 'कळलं का' विचारू नका, कालचा दिवस सकाळपासून कसा गेला ते सांगायला सांगा. झोप, भूक, कंटाळा सगळं त्यात येतं, मग फॉर्मशी ताडून बघा.