बोअरचं पाणी आणि नैसर्गिक रंग

बोअरच्या पाण्यात रंगवलेलं कापड मळकट दिसत असेल, तर आधी पाणी तपासा. बाटलीत पाणी घेऊन साबणाचा कीस टाका, हलवा. फेसाऐवजी पांढरा चोथा आला की पाणी जड, म्हणजे त्यात क्षार जास्त. तुरटीने गढूळपणा बसतो, क्षार जात नाहीत. पंधरा मिनिटं खळखळून उकळा, रात्रभर ठेवा आणि तळाचा पांढरा थर न ढवळता वरचं पाणी अलगद काढून घ्या. तरीही फेस नाही? मग ते क्षार उकळून जाणारे नव्हेत. धुण्याचा सोडा त्यांना खाली बसवतो, पण हळदीचा पिवळा लालसर करून टाकतो. त्यापेक्षा पागोळीचं पाणी साठवा, पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघाल्यानंतरचं.