हातानं घडवलेल्या छोट्या रणगाड्यांचा संग्रह कसा करावा

माझ्या आजीचं माहेर नळदुर्गजवळच्या जळकोटचं. सप्टेंबर 1948 मध्ये, हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी, सोलापूरहून निघालेले भारतीय सैन्याचे रणगाडे याच रस्त्यानं पुढे गेले. आधी आवाज आला, मग धुरळा, मग गाड्या, असं ती सांगायची. माझ्याकडचं पहिलं, शर्मन रणगाड्याचं मॉडेल त्या आठवणीपायी आलं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की खरेदीच्या आधी विषय ठरवा. "सगळे रणगाडे" हा विषय होत नाही, त्यात पैसा संपतो आणि कपाट भरतं. 13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांतले शर्मन आणि स्टुअर्ट रणगाडे घ्या, नाहीतर 1965 च्या भारत-पाक युद्धातल्या असल उत्ताडच्या लढाईचे सेंच्युरियन आणि पॅटन घ्या. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला पहिला विषय जवळचा वाटेल, असं मला मनापासून वाटतं.

मग स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या किती पट लहान ते, ठरवा आणि त्यालाच धरून राहा. 1:35 मध्ये (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं) बारकावे भरपूर दिसतात, 1:72 मध्ये जागा वाचते. साधा शर्मन लांबीला 5.84 मीटर होता, म्हणजे 1:35 मध्ये तो 16.7 सेंटिमीटरचा आणि 1:72 मध्ये 8.1 सेंटिमीटरचा होतो. दोन स्केल एका फळीवर ठेवलीत तर नजरेला कायम खटकत राहतं.

ऑर्डर देण्याआधी खरा रणगाडा एकदा बघून या. अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम 1994 पासून उभं आहे आणि संभाजीनगरहून दोन-अडीच तासांवर आहे. तिथे खालची, वजन पेलणारी चाकं मोजा. शर्मनला एका बाजूला सहा चाकं असतात, दोन-दोनच्या तीन बोगींमध्ये, म्हणजे जोड्यांमध्ये. टी-55 रणगाड्याला पाच असतात आणि पहिल्या-दुसऱ्या चाकात फट जास्त असते. एवढं डोळ्यांत बसलं की चुकीचं मॉडेल हातात आल्याबरोबर कळतं.

आता कारागीर. सगळं पुण्या-मुंबईहूनच मागवावं लागतं असं नाही. पत्र्याचं बारीक काम करणारे, लाकडावर हात बसलेले सुतार, वाळूज-चिकलठाण्याच्या बाजूला थ्रीडी प्रिंटर चालवणारी पोरं, यांच्यापैकी कुणीतरी सापडतंच. त्यांना रणगाडा माहीत नसतो, माप मात्र पक्कं कळतं. म्हणून "शर्मन बनवून द्या" एवढंच म्हणू नका. चारही बाजूंचे फोटो द्या आणि कोणत्या प्रकारचा शर्मन ते सांगा, कारण एम4ए4 चा सांगाडा लांब असतो आणि त्याच्या बोगींमधली जागाही जास्त असते. स्केल, साहित्य, रंग, टरेट (तोफ बसवलेला वरचा भाग) फिरतं हवं की नको आणि तारीख, हे सगळं कागदावर घ्या. ॲडव्हान्स अर्ध्याच्या वर देऊ नका आणि रंग चढायच्या आधी एकदा कोरं मॉडेल बघायला जा. चुका तेव्हाच सुधारतात.

त्या वेळी खिशात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) असू द्या. शर्मनचा चाकांवरून फिरणारा पट्टा 42 सेंटिमीटर रुंद होता, तो 1:35 मध्ये बरोबर 12 मिलिमीटर भरायला हवा. कारागीर चुकतो तो बहुधा पट्ट्यातच. प्रिंट केलेलं मॉडेल असेल तर टॉर्च आडवा धरा, थरांच्या रेघा लगेच दिसतात. रेझिनचं, म्हणजे द्रव प्लॅस्टिक घट्ट करून केलेलं मॉडेल बोटाला चिकट लागलं तर ते नीट पिकलेलं (पूर्ण घट्ट झालेलं) नाही, परत द्या.

घरी आणताना टरेट काढून वेगळं गुंडाळा. एसटीत डबा मांडीवरच ठेवा, वरच्या कॅरिअरवर नको.

ठेवण्याची जागा फार विचार करून निवडा. शिसं असलेल्या ओतीव मॉडेलवर नव्या प्लायवूडच्या किंवा लाकडाच्या बंद कपाटात पांढरी भुकटी चढते. लाकडातून निघणारी आम्लाची वाफ शिसं खाते. ॲल्युमिनियम आणि काचेचं कपाट चांगलं. शिशाचं मॉडेल हाताळल्यावर हात धुवा आणि लहान मुलांना ते देऊ नका. आपल्या काळ्या मातीची धूळ काचेतूनही शिरते. ती फडक्यानं पुसलीत तर अँटेना आणि हुक तुटतात. मेकअपचा मऊ ब्रश वापरा, वरून खाली.

प्रत्येक गाडीच्या तळाला चिठ्ठी लावा: कुणी केली, कधी, कशाची, किती रुपयांना. वहीतही तेच लिहा.

ऊन मात्र सगळ्यात वाईट. माझ्या पहिल्या शर्मनची तोफेची रेझिनची नळी पत्र्याच्या खोलीत एका मे महिन्यात सोंडेसारखी खाली वाकली. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. पण ती सरळ झाली. नळी हळूच सोडवून कढत पाण्यात मिनिटभर धरली, ती मऊ झाल्यावर काचेवर ठेवून पट्टीनं दाबून सरळ केली आणि तशीच गार पाण्यात बुडवली. पाणी उकळतं नको. तेव्हापासून मार्च संपला की माझं कपाट पश्चिमेच्या भिंतीवरून आतल्या खोलीत जातं.