नुसता मोहोर बघून पेटी भरत नाय: विचार बदलताना या चुका टाळा

डिसेंबरात मोहोर दिसला की लगेच पेट्या मोजायला बसणारे लोक आमच्याकडे घरोघरी आहेत. फुलं हजारो, त्यातली शंभरात एक पण धरत नाय, आणि मधे तुडतुडे आहेत, अवकाळी आहे. मी हसायचो त्यांना, पण दापोलीजवळ घरातच होमस्टे काढायचा म्हणून दोन वर्षं मी स्वतः तेच केलं.

मोबाईलच्या वॉलपेपरला पडवीचा फोटो. रोज रात्री डोळे मिटून बघायचो, पाहुणे आलेत, मोदकाचं ताट वाढलंय, रिव्ह्यू पडतायत... आणि सकाळी? संडासाची टाकी कुठे खणायची तेच ठरलं नव्हतं. ही पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. गाब्रिएल ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ साली वजन कमी करणाऱ्या बायकांवर अभ्यास केला, तर ज्या मनात बारीक झाल्याची छान छान चित्रं रंगवत होत्या त्यांचंच वजन थोडं घटलं, आणि ज्यांना 'आपल्याला जमेल' असा नुसता साधा भरवसा होता त्यांचं जास्त. म्हणजे स्वप्नातच पोट भरलं की अंग ढिलं पडतं.

त्यांचाच उपाय असा की हवं ते चित्र बघा, पण लगेच आपल्या आतलं काय आड येतंय ते बघा. माझ्या आड पैसे नव्हते येत, लाज येत होती, बँकेत कर्जाला नाय म्हणाले तर? मग जर-तर करून ठेवायचं, ही पीटर गॉलविट्झरची पद्धत (ओटिंगनबाईंचे यजमानच ते!). दापोलीला गेलो तर आधी बँक, मग मासळी. बस एवढंच.

दुसरी चूक, वाईट विचार दाबणं. लहानपणी आजी सांगायची, पऱ्या (ओढा) ओलांडताना भुताचा विचार नको हां करू बाळा. झालं, पलीकडे पोचेपर्यंत दुसरं काय डोक्यात! डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा असं सांगितलं, घंट्या वाजतच राहिल्या. त्यापेक्षा विचार कागदावर उतरवा. 'होमस्टे चालणार नाय' असं मी लिहिलं, खाली पुरावा काय ते लिहायला गेलो तर पुरावा एकच निघाला, शेजारच्या काकांचं वाक्य, "अरे, गणपतीला ये, चार दिवस रहा आणि जा, इथे काय धंदा होतोय?" मी माझा विचार समजून वागवत होतो ते काकांचं बोलणं होतं आणि त्यांनी आयुष्यात कधी धंदा केलेला नाय.

२१ दिवसांत सवय लागते हे सोडून द्या. लंडनच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला २५४, आणि एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाय.

आणि सगळं विचारांवर ढकलू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची सुपारीची वाडी आडवी झाली, तर मुंबईहून एकाने मेसेज टाकला की पॉझिटिव्ह राहा म्हणजे पॉझिटिव्हच घडेल. वादळ काय मूड बघून येतं? नवीन रोप धरायला पाच-सहा वर्षं लागतात, ती लागतातच. झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल तर वही-पेन बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.

बँकेत गेलो शेवटी. नाय म्हणाले. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. वारस नोंदीचा अर्ज गेल्या मंगळवारी तलाठ्याकडे दिलाय.