घटस्फोट आणि मुलाचा ताबा: केस टाकायच्या आधी एवढं करा

वकिलाकडे जायच्या आधी लग्नाचं सर्टिफिकेट शोधा, कारण कोणता कायदा लागणार ते तिथून कळतं. मांडवात विधी करून लग्न लागलं आणि नंतर महापालिकेत नुसती नोंद केली तर हिंदू विवाह कायदा 1955. पण नोटीस देऊन, महिनाभर थांबून रजिस्टर लग्न केलं असेल तर दोघं हिंदू असले तरी विशेष विवाह कायदा 1954, अर्जही त्याच्याखालीच. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी यांचे कायदे वेगळे. गोव्यात लग्न आणि नोंद झाली असेल तर तिथले पोर्तुगीज काळापासूनचे कायदे लागतात, त्यामुळे तिथलाच वकील बघा.

दोघांची तयारी असेल तर परस्पर संमतीनेच करा, मनापासून सांगतेय. त्यासाठी निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्ज दिल्यावर थांबायची सहा महिन्यांची मुदत योग्य केसमध्ये माफ होऊ शकते असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलंय, त्यामुळे वकिलाला तसा अर्ज करायला सांगा.

खरा गोंधळ ताब्याचा होतो. घटस्फोटाच्या केसमध्येच ताबा मागता येतो, 1890 च्या पालक कायद्याखाली वेगळा अर्ज करता येतो, आणि घरगुती हिंसाचार कायद्यात मॅजिस्ट्रेटकडून तात्पुरता ताबाही मिळतो. रागाच्या भरात लोक तिन्हीकडे धावतात आणि मग बाई नाशिकला, नवरा पुण्याला, तारखांवर तारखा, आणि पोर मधल्यामधे भरडतं. 1890 च्या कायद्यात मूल नेहमी जिथे राहतं तिथलं कोर्ट लागतं, म्हणून शाळेचं बोनाफाईड, फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड आधी गोळा करा. शक्यतो मुलाचा विषय एकाच कोर्टात ठेवा आणि बाकी कुठे काय चालू आहे ते अर्जात स्पष्ट लिहा. पोटगीचा आधीचा आदेश तर लपवूच नका, सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालानंतर तो सांगावाच लागतो, शिवाय दोघांनाही कमाई-मालमत्तेचं अफिडेव्हिट द्यावं लागतं.

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं असं हिंदू कायदा म्हणतो, पण शेवटी कोर्ट मुलाचं हितच बघतं, त्यामुळे बाबांनी पहिल्याच तारखेला भेटीचा, म्हणजे ॲक्सेसचा अर्ज द्यावा. जज कधीकधी चेंबरमध्ये मुलाशी एकटं बोलतात, तेव्हा मुलाला पढवून अजिबात नेऊ नका हो, त्याच्यावर केवढं ओझं येतं ते!

परदेशातून घटस्फोटाची डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूम, आणली म्हणजे झालं असं नाही. सुप्रीम कोर्टाच्या 1991 च्या निकालानुसार ज्या कायद्याखाली लग्न झालं त्यातलं कारण असावं लागतं, किंवा दुसऱ्या बाजूने त्या घटस्फोटाला स्वखुशीने संमती दिलेली असावी लागते. एका पालकाने मूल दुसऱ्या देशात पळवलं तर ते परत मिळवायच्या 1980 च्या आंतरराष्ट्रीय हेग करारातही भारत नाही.

तडजोड झालीच तर कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे तडजोडीच्या लेखी अटींमध्ये, बारीकसारीक सगळं लिहून घ्या: दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कोणाकडे, व्हिडिओ कॉल किती वाजता, शाळेची फी कोण भरणार, आणि मुलाचा पासपोर्ट कोणाकडे राहणार.