माशांच्या रोगजिवाणूंवर काम करायचंय? आधी स्ट्रेनची वही बघा

मत्स्यरोगांकडे वळणारे बरेच जण ‘मला जीनोमिक्स करायचंय’ म्हणत लॅबमध्ये येतात. माझ्या वाट्याला आला फोटोबॅक्टेरियम डॅमसेली, त्यातही पिसिसिडा ही उपप्रजाती. १९६३ मध्ये अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात मासे मोठ्या संख्येनं मेले, तेव्हा हा जिवाणू सापडला. पुढे त्यानं जपानचे यलोटेल मासे गाठले आणि १९९० पासून भूमध्य समुद्रातल्या पिंजऱ्यांमधले सी ब्रीम आणि सी बास. जुनाट आजारात माशाच्या प्लीहेवर पांढरे ठिपके दिसतात.

बायोकेमिकल चाचण्यांत मात्र सगळे स्ट्रेन (वेगवेगळ्या माशांतून काढलेले याच जिवाणूचे वाण) जुळे भाऊ. जपानचा असो वा स्पेनचा, एपीआय २०ई या तयार चाचणी-पट्टीवर ओळखीचा कोड बहुधा २००५००४ च. जिवाणू ओळखायला नेहमी वापरतात ते १६एस जनुक वाचून तर पिसिसिडा आणि डॅमसेली या दोन उपप्रजातीही वेगळ्या काढता येत नाहीत. त्यासाठी युरिएज या विकराच्या जनुकाची पीसीआर (ते जनुक आहे का हे दाखवणारी डीएनए चाचणी) लावतात. हे जनुक पिसिसिडात नसतं. पिसिसिडाच्या पोटातले गट दाखवले ते आरएपीडीसारख्या (डीएनएचे यादृच्छिक तुकडे वाढवून जेलवर त्यांच्या पट्ट्या पाहणाऱ्या) पद्धतींनी: युरोपातले स्ट्रेन एकीकडे, जपानचे दुसरीकडे. मासा कोणता होता यापेक्षा तो कुठल्या समुद्रातला होता, हे महत्त्वाचं ठरलं.

म्हणूनच स्ट्रेनची वही. मासा, ठिकाण, साल, अवयव, कितवं उपसंवर्धन (एका प्लेटवरून दुसरीवर कितव्यांदा वाढवलं), हे लिहिलेलं नसेल तर सिक्वेन्सिंगवर कितीही पैसे ओता, स्ट्रेनच्या वंशवृक्षाच्या फांद्यांना अर्थ लावता येत नाही. पहिल्याच वाढीतून ग्लिसरॉलमध्ये नमुने करून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवा. माशाच्या पांढऱ्या पेशी मारणाऱ्या एआयपी५६ विषाचं जनुक प्लास्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनए वर्तुळावर) असतं, आणि पुन्हापुन्हा प्लेटवर वाढवताना प्लास्मिड गळू शकतं. मग तुम्ही विविधता मोजताय की स्वतःच्या प्लेटा, कोण सांगणार?

आरएपीडी करणार असाल तर सगळे स्ट्रेन एकाच यंत्रावर, डीएनएचं प्रमाण सारखं ठेवून चालवा. दोन लॅबच्या जेल शेजारी ठेवून तुलना करणं मला तरी पटत नाही. पूर्ण जीनोमला थोडे तरी लाँग रीड (डीएनएचे सलग वाचलेले लांब तुकडे) घ्या. पिसिसिडात उड्या मारणारे इन्सर्शन सिक्वेन्स (जीनोममध्ये जागा बदलणारे डीएनएचे छोटे तुकडे) इतके आहेत की शॉर्ट रीडची जुळणी तुकड्यातुकड्यांत अडकते.

तयारीचं म्हणाल तर रत्नागिरीसारख्या ठिकाणाहून बी.एफ.एससी. (मत्स्यविज्ञानाची पदवी) करून आलेल्यांचा शवविच्छेदनात हात बसलेला असतो, पण जीनोमच्या कामाला लागणाऱ्या लिनक्स या संगणकप्रणालीशी ओळख नसते. मायक्रोबायोलॉजीवाल्यांना प्लेटा येतात, पण प्लीहा कुठे आहे ते विचारावं लागतं. दोघांनाही पहिल्या सत्रात पुरेसं काम आहे.