दोन व्यावसायिक पदव्या एकाच वेळी: या चुका टाळा

अभियांत्रिकीच्या जोडीला वास्तुकला किंवा नर्सिंगच्या जोडीला आणखी एखादी व्यावसायिक पदवी घेऊ पाहणारे विद्यार्थी सल्ला मागायला येतात, तेव्हा बहुतेकांनी एकच हिशेब केलेला असतो: दोन्हींच्या क्रेडिटची (प्रत्येक विषयाच्या कामाचे माप असलेल्या गुणांची) बेरीज करायची, सामाईक विषय वजा करायचे आणि उरलेल्याला सत्रांच्या संख्येने भागायचे. भागाकार अचूक असतो, म्हणूनच फसगत होते.

या हिशेबात विषयांचा क्रम कुठेच येत नाही. स्थापत्य अभियांत्रिकीत मेकॅनिक्सशिवाय स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स नाही, त्याशिवाय स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस नाही आणि त्याशिवाय काँक्रीट डिझाइन नाही. त्यातही असे विषय अनेक ठिकाणी वर्षातून एकदाच शिकवले जातात. मी स्थापत्य अभियांत्रिकी आणि वास्तुकला एकत्र करत असताना वास्तुकलेचा डिझाइन स्टुडिओ (रचना करून शिकण्याचा वर्ग) नेमका स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या तासावर आला, आणि ‘पुढच्या सत्रात बघू’ म्हणून मी तो विषय मागे टाकला. पुढच्या सत्रात तो शिकवला जाणारच नव्हता. त्या एका विषयापायी पुढची साखळी वर्षभर सरकली आणि वास्तुकलेचे सोबती नोकरीला लागले तरी मी दोन विषयांसाठी वर्गात बसून होतो. तेव्हापासून मी शेवटच्या सत्रापासून उलटे मागे येत, पेन्सिलीने, सगळे विषय कागदावर मांडतो. तयार तक्ते मिळतात, पण ते भरताना डोके चालवावे लागत नाही, म्हणून मला ते नकोत.

दुसरी चूक तासांची. युरोपीय क्रेडिट पद्धतीत वर्षाची 60 क्रेडिट म्हणजे साधारण 1500 ते 1800 तासांचे काम. दीडपट भार घेतला आणि वर्षाचे 40 आठवडे धरले, तर आठवड्याला साधारण 56 ते 68 तास होतात, आजारपण न धरता. रुग्णालयातील ड्यूटी तर रात्री जागून भरून निघत नाही. ठरलेल्या पाळीला तिथे उभेच राहावे लागते.

एकच विषय दोन्ही पदव्यांत धरला जाईल, हे गृहीत धरू नये. दोन्ही विभागांकडून लेखी घ्यावे. शिष्यवृत्ती किती वर्षे चालते, ते प्रवेशाआधी पाहावे. पूर्वअटीत, म्हणजे आधीचा विषय झालेला असण्याच्या अटीत, सूट मागत फिरणाऱ्या उतावळ्यांना मी सूट मिळवून देत नाही.

दुसरी पदवी सोडायची वेळ आली तर ती कोणत्या सत्रात, हेही सुरुवातीलाच ठरवावे. मी तिसरे सत्र धरतो, कारण तोवरचे बरेच विषय पायाभूत असतात आणि उरलेल्या पदवीत ऐच्छिक म्हणून खपण्याची शक्यता असते.