खिडक्यांची व्हॅन आणि पाण्याची टाकी : आधी वजन, मग बाकीचं

ब्रिटनमध्ये खिडक्या पुसायचं काम आता बरंचसं जमिनीवरूनच होतं. हातात लांब पोल, टोकाला ब्रश, ब्रशमधून येणारं शुद्ध केलेलं पाणी, आणि ते पुरवणारी टाकी व्हॅनच्या पोटात. २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम आले. वर चढणं टाळता येत असेल तर टाळा, असा त्यांचा रोख होता, आणि पोलवाल्यांना ते सोयीचंच होतं.

या धंद्यात नव्याने उतरणारा माणूस पोल कुठला घ्यावा यावर महिनाभर डोकं खातो आणि टाकी मात्र "मोठी असलेली बरी" म्हणून दहा मिनिटांत ठरवतो. हे उलटं व्हायला हवं. पोल चुकला तर खांदा दुखतो, बदलता येतो. टाकी चुकली तर ती तुमच्या पाठीमागे, सीटपासून दीड-दोन फुटांवर, दिवसभर तुमच्याबरोबर फिरत असते.

पाण्याचा हिशोब सोपा आहे : एक लिटर म्हणजे एक किलो. ४०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे पाच-सहा धडधाकट माणसं मागे उभी आहेत, आणि एकालाही सीटबेल्ट नाही. त्यात टाकी, लोखंडी फ्रेम, बॅटरी, रीळ, पाइप हे सगळं वेगळंच.

प्लेटवरचे चार आकडे

व्हॅनच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली उत्पादकाची प्लेट असते. तिच्यावर बहुधा चार वजनं एकाखाली एक असतात : भरलेल्या गाडीचं कमाल वजन, ट्रेलरसकट कमाल वजन, पुढच्या ॲक्सलची (चाकांच्या आसाची) मर्यादा, मागच्या ॲक्सलची मर्यादा. आपल्याला पहिला, तिसरा आणि चौथा आकडा लागतो. दुसऱ्याला आपलं समजून जास्त पाणी भरणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतो तो पेलोड. समजा छोट्या व्हॅनचा पेलोड ६५० किलो आहे. आता मांडून पाहा : चालक ८०, प्लायची फरशी आणि अस्तर ३५, टाकी आणि फ्रेम ६०, बॅटरी २५, रीळ आणि १०० मीटर पाइप २०, पोल १०, छपरावरची शिडी आणि रॅक २०, फिल्टर, पाणी शुद्ध करणारं रेझिन, बादल्या, सटरफटर २०. हे झाले २७०, आणि पाण्याचा थेंबही अजून भरलेला नाही. उरले ३८०. म्हणजे ४०० लिटरची टाकी या गाडीत काठोकाठ भरली तर गाडी २० किलोंनी जड झाली. मदतनीस बसला तर शंभर. "पेलोड ६५० आणि टाकी ४०० ची, मग अडचण काय?" असं विचारणाऱ्याने हे सटरफटर मोजलेलं नसतं.

कागदावरच्या रिकाम्या वजनावरही फार विसंबू नका. कुठे चालक धरलेला असतो, कुठे नसतो. कारखान्यात बसवलेल्या जादा वस्तूंनीही फरक पडतो. सगळं सामान बसवलं, टाकी भरली, डिझेल भरलं, की सार्वजनिक वजनकाट्यावर जा. पूर्ण गाडी आणि दोन्ही ॲक्सल वेगवेगळे तोलून घ्या. थोडे पौंड जातात, पण मिळणारी पावती गाडीतच ठेवावी.

रस्त्यावर तपासणीत गाडी जड सापडली तर जादा वजनाच्या प्रमाणात १०० ते ३०० पौंडांचा दंड होतो, फारच जड असेल तर प्रकरण कोर्टात जातं, आणि वजन उतरवेपर्यंत गाडी हलवू देत नाहीत. पाण्याचं एवढं बरं की तोटी सोडली की वजन उतरतं. दंड मात्र उतरत नाही.

टाकी नेमकी कुठे

एकूण वजन बसलं तरी मागचा ॲक्सल जड होऊ शकतो, आणि छोट्या व्हॅनमध्ये नेहमी हेच होतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.८ मीटर धरा. ४०० किलोंचा मध्य मागच्या ॲक्सलच्या ०.४ मीटर पुढे ठेवला तर मागे साधारण ३४३ किलो येतात आणि पुढे ५७. तीच टाकी दाराजवळ, ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे ठेवली तर मागच्या ॲक्सलवर ४७१ किलो येतात, कारण पुढची चाकं ७१ किलोंनी उचलली जातात. तराजूसारखंच. पुढची चाकं हलकी म्हणजे ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही हलके. पाइप काढायला सोपं पडतं म्हणून टाकी मागच्या दाराशी ठेवायचा मोह होतो. रीळ दाराशी ठेवा, टाकी पुढेच राहू द्या.

टाकी शक्यतो पसरट घ्या. उभी टाकी जागा वाचवते, पण वजन वर नेते, आणि गोल चौकात गाडी झुकते ती त्यानेच. डाव्या-उजव्या बाजूचं वजनही सारखं राहावं. एका बाजूला टाकी आणि दुसरीकडे मोकळी वाट हवीच असेल, तर बॅटरी आणि रीळ वाटेच्या बाजूला बसवा.

आता डुचमळणं. पूर्ण भरलेल्या टाकीतलं पाणी हलत नाही, रिकाम्या टाकीत ते नसतंच. खरा त्रास अर्ध्या टाकीचा. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे इथे शब्दशः खरं. २०० लिटर पाणी ब्रेक लावल्यावर पुढे धावतं, भिंतीवर आपटतं, परत फिरतं, आणि गाडी थांबल्यावर क्षणभराने तुम्हाला मागून ढकलतं. सिग्नलला गाडी थांबवून ब्रेकवरचा पाय सैल केला की हा धक्का हमखास जाणवतो. यासाठी टाकीत आडव्या-उभ्या आडभिंती असतात. धंद्यात त्यांना बॅफल म्हणतात. बॅफल नसलेली टाकी घेऊ नका. कारखान्यांतून येणारी पिंजऱ्यातली हजार लिटरची चौकोनी टाकी स्वस्तात मिळते, पण तिच्यात बॅफल नसतं, आणि तो पिंजरा फोर्कलिफ्टने उचलण्यासाठी असतो, अपघातात पाणी अडवण्यासाठी नव्हे.

म्हणून टाकी दिवसाच्या गरजेएवढीच घ्यावी. एक माणूस ब्रशमधून मिनिटाला दीड-दोन लिटर पाणी सोडतो. घरांच्या कामात नळ मधेमधे बंदच असतो, त्यामुळे एकट्याला २५० लिटरमध्ये दिवस बहुतेक निघतो. ६५० ची टाकी घेऊन ती रोज अर्धीच भरणं म्हणजे पैसे देऊन डुचमळ विकत घेणं.

पट्टा तुटत नाही, कडी उपटते

टाकी नुसत्या रॅचेट पट्ट्यांनी, म्हणजे खटक्याने आवळायच्या पट्ट्यांनी, बांधलेली व्हॅन अजूनही दिसते. वाद घालायला पट्टेवाले नेहमी एकच मुद्दा आणतात : "पट्ट्यावर पाच टन लिहिलंय." लिहिलेलं असतं, पण ती पट्टा तुटण्याची मर्यादा. आता धडक मोजा. ताशी ३० मैल म्हणजे सेकंदाला १३.४ मीटर. गाडीचं नाक ६० सेंटिमीटर चेपून ती थांबली, तर मंदावण्याचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १५ पट होतो. ४०० किलो पाणी त्या क्षणी ६ टनांच्या जोराने पुढे जाऊ पाहतं. पट्ट्याचा हुक अडकवलेला असतो फरशीतल्या कडीत, आणि छोट्या-मध्यम व्हॅनमधल्या त्या कड्या काहीशे किलोंच्याच भारासाठी असतात. आपल्या गाडीचा आकडा हँडबुकमध्ये मिळेल. पट्टा शाबूत राहतो आणि कडी पत्र्यासकट निघून येते.

शिवाय प्लॅस्टिकची टाकी भरल्यावर फुगते आणि रिकामी होताना आक्रसते. सकाळी करकचून आवळलेला पट्टा दुपारी बोटाने हलतो.

केबिनमागची पत्र्याची भिंत, म्हणजे बल्कहेड, टाकी थांबवेल या भरवशावर राहू नये. ती खोकी आणि अवजारं अडवण्यासाठी असते. पण ती हवीच, जाळीची नको, सलग पत्र्याची. टाकी आणि तिच्यात मोठी फट ठेवू नका, कारण सुटलेल्या वस्तूला धावायला जागा मिळाली की ती जास्त जोराने आदळते.

सरकारी मार्गदर्शक सांगतो की बांधणीने मालाच्या वजनाइतका जोर पुढच्या दिशेला आणि निम्मा जोर बाजूंना व मागे पेलला पाहिजे. हे जोरात लावलेल्या ब्रेकसाठी आहे, धडकेसाठी नाही. धडकेसाठी क्रॅश टेस्ट केलेली प्रणाली लागते : टाकीभोवती पोलादी फ्रेम, आणि फ्रेम फरशीतून आरपार बोल्टने जखडलेली. विकणाऱ्याला चार गोष्टी विचारा. चाचणी भरलेल्या टाकीवर झाली का, कुठल्या वेगाला, कुठल्या बोल्ट-प्लेटसकट, आणि तुमच्या गाडीच्या फरशीत तेच बसवणार का. "फ्रेम टेस्टेड आहे" एवढंच उत्तर आलं तर दुकान बदला. फ्रेम कितीही चांगली असो, तिला पातळ पत्र्यात साध्या वॉशरवर बसवली तर चाचणीचा कागद रद्दीच.

बोल्ट मारताना

हे काम तयार प्रणाली बसवणाऱ्यांकडूनच करून घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत. पण काम चालू असताना खाली वाकून काय बघायचं हे तुम्हाला माहीत हवं.

भोक पाडण्याआधी गाडी उचलून खालून बघितली पाहिजे. डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, ॲडब्लूची (डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी, हे सगळं फरशीला चिकटून असतं. इलेक्ट्रिक व्हॅनमध्ये फरशीखाली बॅटरी असते. तिथे गाडी बनवणाऱ्याने दिलेल्या जागांखेरीज कुठेही ड्रिल लावायचं नाही. लीजवरची गाडी असेल तर आधी लेखी परवानगी.

बोल्ट ८.८ दर्जाचे, जाडी बसवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे, बहुधा एम१० किंवा एम१२. डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, ते डोळ्यांनी बघा. फरशीखाली प्रत्येक बोल्टला जाड पोलादी प्लेट हवी, म्हणजे ओढ मोठ्या क्षेत्रफळावर पसरते. साधा वॉशर पत्र्यातून आरपार निघतो. बोल्ट पोकळ चॅनलमधून जात असेल तर आत नळीचा तुकडा घालावा लागतो, नाहीतर आवळताना चॅनल चेपतो आणि बोल्ट कधीच घट्ट बसत नाही. फरशीच्या पन्हळींमधली पोकळी पॅकिंगने भरायची, कारण नुसत्या प्लायवर आवळलं तर प्लाय ओला होऊन दबतो आणि चार महिन्यांत नट सैल. भोकाची कड घासून, झिंक प्रायमर लावून, सीलंट भरायचं. ही पाण्याची गाडी आहे, उघडा पत्रा गंजणारच. नट नायलॉन रिंगवाले, आणि एकदा काढलेला तसा नट परत वापरायचा नाही.

बसवून झालं की टाकी भरून एक आठवडा चालवा आणि सगळे नट पुन्हा तपासा. पहिल्या आठवड्यात काही ना काही बसतंच. नंतर महिन्यातून एकदा. रंगाच्या पेनने नट आणि प्लेटवर मिळून एक रेघ मारून ठेवली तर नट फिरलाय का हे टॉर्च मारताच कळतं.

टाकी बांधली म्हणजे सगळं बांधलं असं नाही. २५ किलोंची बॅटरी ट्रेमध्ये पट्ट्याने जखडलेली हवी आणि तिच्या धन टोकाजवळ फ्यूज हवा. रीळ बोल्टवर, पोल नळीत किंवा क्लिपमध्ये. सुटं राहतं ते नेहमी रेझिनचा डबा नाहीतर बादलीतलं पाणी. आणि टाकीच्या झाकणाला हवेचं भोक असतं, ते बंद करू नका. शिंतोडे उडतात म्हणून टेप लावली की पंप पाणी ओढतो, आत हवा येत नाही आणि टाकी आत ओढली जाते.

चालवताना : टायरचा दाब पूर्ण भाराचा ठेवा, तो दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर वेगळा दिलेला असतो. दुभाजक नसलेल्या, कारना ताशी ६० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर बहुतेक व्हॅनना ५० मैलांचीच मर्यादा आहे, दुभाजक असलेल्या रस्त्यावर ६०. हे कारवाल्यांना माहीत नसतं आणि पहिलं कॅमेऱ्याचं पत्र इथूनच येतं.

गोठण्याच्या रात्री पंप आणि पाइप रिकामे करा. टाकी सहसा टिकते, पंपाचं डोकं तडकतं. उन्हाळ्यात गोष्ट उलटी. शुद्ध करताना कार्बन फिल्टरने क्लोरीन काढून टाकलेलं असतं, त्यामुळे २० ते ४५ अंशांत साठून राहिलेल्या पाण्यात लेजिओनेला, म्हणजे फुफ्फुसांचा गंभीर आजार देणारा जिवाणू, वाढू शकतो, आणि ब्रशचा फवारा नाकातोंडात जातोच. सुट्टीवर जाताना टाकी रिकामी करून जा. टाकी गडद रंगाची असावी, प्रकाश आत गेला की शेवाळ धरतं.

महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्यांसाठी दोन गोष्टी. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, आणि हा धंदा बहुतेक स्वयंरोजगारच आहे. डिपेंडंट किंवा ग्रॅज्युएट व्हिसावर चालतो. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं, नंतर इथलीच परीक्षा द्यावी लागते.

टाकी बसवल्याच्या दिवशीच विमा कंपनीला लेखी कळवा : टाकी किती लिटरची, कोणी बसवली, कशी बांधली. हा गाडीतला बदल आहे. न कळवल्यास दावा नाकारायला त्यांना ते कारण पुरेसं होतं. वापरलेली, टाकीसकट व्हॅन घेत असाल तर जुन्या मालकाचं बसवणीचं बिल मागा, खाली झोपून प्लेटा मोजा, आणि गाडीला कधी पुढून मार बसला होता का ते विचारा. बसला असेल तर ती फ्रेम आणि ते बोल्ट भंगारात द्या, कितीही सरळ दिसोत.